मिस आर्डिथच्या घरातली बुचं

४ सप्टेंबर
आले एकदाची! मागे डोंगर, पुढ्यात ओढा, पायरीवर लोळणारी मांजर. इंडियानाच्या सपाट मुलखात वाढलेल्या मला इथं आभाळ बघायलाही मान वर करावी लागते. मिस आर्डिथचं (इकडे लग्न झालेल्या म्हाताऱ्या बाईलाही मिसच म्हणतात) डावं अंग लुळं पडलंय, जीभ मात्र ठणठणीत. मला पाहताच म्हणाल्या, काळजी घ्यायला ही काडी पाठवली होय, ही मला उचलणार की मी हिला? मला हसूच फुटलं. आवडल्या मला. ओढ्यापलीकडची नोव्हेला घेवडा आणि मक्याचा ब्रेड देऊन गेली. काही लागलं तर माझी मुलं धावत येतील म्हणाली.

७ सप्टेंबर
घर दगडी खांबांवर उभं आहे. प्रत्येक खोलीच्या लाकडी जमिनीत वाटीएवढं भोक आणि त्यात लाकडाचं बूच! फटींतून गार वारा येतो, काल तर उंदीर आला. माळ्यावर गेले तर छपराच्या वाशाला चक्क कुऱ्हाड टांगलेली. कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे? खाली आणून मागच्या शेडमध्ये ठेवली.

११ सप्टेंबर
मिस आर्डिथ झोपल्या होत्या तेवढ्यात सगळ्या बुचांवर प्लायवूडचे तुकडे स्क्रूनं गच्च बसवले आणि वर प्लास्टिकची चटई चिकटवली. हत्यारं परत शेडमध्ये. घर कसं ऊबदार झालं! त्या उठल्या आणि भडकल्या. म्हणाल्या, पोरी, ही भोकं माझ्या सासऱ्यानं मुद्दाम पाडलीत, काढ ती ठिगळं. मी हो हो म्हणत सूप भरवलं. या वयात माणसाला बदल नको असतो. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश आहे.

१५ सप्टेंबर
दुपारी माळ्यावर ठकठक. तीनदा, मग दम खाल्ल्यासारखी थांबून परत तीनदा. मी म्हटलं, खार असेल. मिस आर्डिथ छताकडे बघत म्हणाल्या, होबार्ट आहे. होबार्ट म्हणजे त्यांचा नवरा, कधीच वारलेला. वर जाऊन पाहिलं. खार नव्हती. धूळसुद्धा हललेली नव्हती.

१९ सप्टेंबर
चक्रीवादळ दक्षिणेच्या किनाऱ्यावर धडकलं. समुद्र इथून दिवसभराच्या रस्त्यावर, त्यामुळे मला काहीच वाटलं नाही. पण त्याचं उरलंसुरलं आमच्या डोंगराला येऊन अडकलंय. काल सकाळपासून पाऊस क्षणभर थांबलेला नाही. मिस आर्डिथ आज चिडल्या नाहीत, विनवण्या करत होत्या. बुचं मोकळी कर, बाळा. संध्याकाळी करते म्हटलं. पावसात शेडपर्यंत कोण जाणार? राहूनच गेलं.

२० सप्टेंबर, सकाळ
शेड नाही. जिथं होती तिथून तांबडं पाणी वाहतंय. रस्ताही गेला.

नोव्हेलाचा फोन आला. घाईत होती. मागच्या पुरात होबार्ट माळ्यावर अडकला, सकाळभर आतून छप्पर ठोकत होता. पलीकडून सगळ्यांना ऐकू येत होतं, जाता कुणालाच येईना. तेव्हापासून कुऱ्हाड माळ्यावर असते. आणि बुचं काढली की पाणी आत येतं, घर जड होतं, खांबांवरून उठत नाही. मग विचारलं, बुचं मोकळी आहेत ना गं? कुऱ्हाड वर आहे ना?

लाजेनं मी हो म्हटलं.

मग तुमची चिंता नाही, म्हणाली, मुलांना आधी वरच्या वाडीत पाठवते. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि फोन बंद पडला. परत लागत नाही. मी असं का केलं? देवा, मी असं का केलं?

दुपार
रेडिओ म्हणतो टॉर्नेडो उठलाय, घरातल्या सर्वांत खालच्या जागी जा. लगेच तोच माणूस म्हणतो पूर आलाय, उंचावर जा. मिस आर्डिथ हसल्या. म्हणाल्या, त्याला विचार, दोन्ही कसं करू.

चटई फाडली. स्क्रू सुरीनं फिरत नाहीत. सुरी मोडली. नखं —

पलीकडच्या कड्यावरची झाडं एका ओळीत आडवी झाली. ओसरीच्या छपराचा कोपरा गेला. वारा गेला. पाणी आहे.

नंतर
घर उठलं. खांब सुटल्याचं पायांना कळलं. बशा आपोआप सरकतायत. खिडकी फुटली, पाणी पलंगाला लागलं. त्यांना उचलायला गेले, दोघी पडलो. परत उचललं. जिन्यापर्यंतसुद्धा नाही — मला जमत नाही, मला नाही जमत —

त्यांनीच मला ढकललं. म्हणाल्या, वर जा, काडे. कुऱ्हाड आहे तिथं. छप्पर फोड, कुणाला तरी हाक मार, मग मला न्यायला या.

मला सांगवलं नाही.

माळा
वाशाला नुसती दोरी.

खालून विचारतायत, तुटतंय का गं? ओरडून सांगितलं, हो, तुटतंय. त्यांना ऐकू जावं म्हणून मुठीनं ठोकतेय. तीनदा. दम लागतो. परत तीनदा —

हाच तो आवाज. खारीचा.

आता खालून काही विचारत नाहीत.

पाणी माळ्याच्या फळ्यांतून. मूठ फुटली, थांबवलीय. मी थांबलेय. पण ठोकणं अजून —