माझ्या सात अटी

३ जून, सकाळ
शेवटी जगाला आपली किंमत कळली. एकाच आठवड्यात दोन पत्रं. एक पाणीपुरवठा खात्याचं: कनिष्ठ अभियंता, कायम नोकरी, पेन्शन. दुसरं पंप बनवणाऱ्या खासगी कंपनीचं: सर्व्हिस इंजिनिअर, पगार दीडपट, वर लॅपटॉप. दोघांनाही १८ तारखेपर्यंत उत्तर हवंय. घाई त्यांना आहे, मला नाही. अकरा वर्षं पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काढली, पंधरा दिवस काय चीज आहे?

बायकोने विचारलं, काय ठरलं? म्हटलं, असे निर्णय भाजी निवडता निवडता होत नसतात. ती म्हणाली, मग निदान भाजी तरी निवडा. निवडली.

४ जून
वहीत तक्ता केला. डावीकडे सरकारी, उजवीकडे खासगी. तेवीस मुद्दे, प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज: सरकारी १६४, खासगी १६४. तक्ता किती निःपक्षपाती झाला आहे, याचा हा पुरावाच.

बायकोचं म्हणणं, सरकारी घ्या, पुढच्या परीक्षेला तुमचं वय बसणार नाही. हे खरं आहे. पण मुद्दा भावनिक असल्यामुळे तक्त्यात घेतला नाही.

६ जून
मेहुणा आला होता. त्यानेही खात्याची तीच परीक्षा दिली होती, प्रतीक्षा यादीत पहिला आहे. म्हणजे मी नाही म्हटलं तरच त्याचा नंबर. बिचारा. त्याला तासभर मार्गदर्शन केलं. संयम ठेव म्हटलं, उतावळेपणाने कुणाचं भलं झालेलं नाही. भाऊजी, तुमचं कधी ठरतंय, असं त्याने चारदा विचारलं. पोराला माझी काळजी फार.

९ जून
मोबाइलवर एका तज्ज्ञाचा व्हिडिओ पाहिला. पहिली ऑफर जशीच्या तशी घेतो तो मूर्ख, असं तो म्हणतो. पटलं. आता निगोशिएशन. साधी युक्ती: इकडे जे नाही ते तिकडचं मागायचं.

कंपनीला ई-मेल केला. चार अटी. पेन्शन हवी. बदली नको. कामावरून काढायचं झाल्यास आधी तीन जणांची चौकशी समिती. आणि ऑफर लेटरवर गोल शिक्का नाही, तो मारून मिळावा.

खात्याला अर्ज लिहिला. तीन अटी. लॅपटॉप. आठवड्यातून दोन दिवस घरून काम. आणि पगाराबाबत ‘आपला सर्वोत्तम आकडा कळवावा’. बायको म्हणाली, घरून पाण्याची टाकी कशी तपासणार? तिला तांत्रिक बाबी कळत नाहीत.

११ जून
अर्ज स्वतः नेऊन दिला. कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचला. मग शेजारच्या टेबलाला दिला, तिथून तो पलीकडच्या टेबलाला गेला. पाच मिनिटांत अख्ख्या ऑफिसात माझीच चर्चा. कारकून म्हणाला, तीस वर्षांत असा अर्ज पाहिला नाही. छाप पडली.

मेडिकल आणि मूळ कागदपत्रं १८ तारखेला पाचच्या आत जमा करा, असंही तो म्हणाला. म्हटलं, आधी अर्जाला उत्तर, मग मेडिकल. या खेळात पहिला हलतो तो हरतो.

१२ जून
वर्कशॉपच्या मालकांना राजीनाम्याचं पाकीट दिलं. मालकांनी विचारलं, कुठे चाललास? म्हटलं, ते तूर्त गोपनीय आहे. ते म्हणाले, म्हणजे ठरलेलं नाही. पाकीट खणात टाकून ते पुन्हा मोटारीचं वायंडिंग बघायला गेले. धक्का बसला असणार, पण दाखवलं नाही.

मेहुण्याने मेडिकल करून ठेवलंय म्हणे. असू दे, एकेकाची हौस.

१५ जून
कंपनीतल्या बाईंचा फोन. ई-मेल तुम्हीच पाठवला, की तुमचं अकाउंट कुणी हॅक केलंय? म्हटलं, मीच. वरिष्ठांना दाखवते, म्हणाल्या. मागे बरेच लोक हसत होते. खेळीमेळीचं वातावरण दिसतं. खासगीला तीन गुण वाढवले.

१७ जून
कंपनीचं उत्तर, दोन ओळींचं. ऑफर मागे घेत आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. ही चाल मी ओळखतो. बायकोला सांगितलं नाही.

तिने माझ्या कागदपत्रांची फाइल लावून ठेवली आहे. दाखले क्रमाने, फोटो पाकिटात. सोबत यायला उद्या अर्ध्या दिवसाची रजाही टाकली आहे. मेडिकल कालच केलंत ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं.

१८ जून, सकाळ ९
निघायचंच होतं. पण उत्तराआधी गेलो तर अटींना अर्थ काय उरला? बायकोला म्हटलं, ते फोन करतील.

दुपार ३
फोन नाही. बायको फाइल मांडीवर घेऊन बसली आहे.

संध्याकाळ ६
पाच वीसला पोचलो. कारकून कपाट बंद करत होता. माझ्या अर्जावर साहेबांनी १३ तारखेलाच शेरा मारला होता: ‘अटी अमान्य. मुदतीत हजर न झाल्यास नकार समजावा.’ दोन दिवसांत निकाल. सरकारी कामाच्या दिरंगाईचे मी खास नऊ गुण धरले होते. तेही खोटे निघाले.

बायकोने बाहेर विचारलं, मेडिकल कुठाय? सांगितलं. परत येताना ती दोन पावलं पुढे चालत होती.

२४ जून
मेहुण्याला पत्र आलं. फोनवर रडला. तुमच्यामुळे झालं, भाऊजी, म्हणाला. मार्गदर्शन फुकट गेलं नाही.

वडिलांचाही फोन आला. ‘तेलही गेलं’ एवढंच म्हणाले. पुढचं मला पाठ आहे.

२५ जून
वर्कशॉपमध्ये गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. मालकांनी खणातून पाकीट काढून हातात दिलं. उघडलेलंच नव्हतं. म्हणाले, तीन नंबरचा पंप खोलून ठेवलाय, बघ जरा. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

८ ऑगस्ट
पाणीपुरवठा खात्याचा पंप दुरुस्तीला आला. सोबतच्या पत्रावर कनिष्ठ अभियंता म्हणून मेहुण्याची सही: ‘काम मुदतीत व्हावे. विलंब खपवून घेतला जाणार नाही.’ सुटा भाग घेऊन त्या खासगी कंपनीचा माणूस आला. लॅपटॉप उघडून उभा राहिला आणि मी पंपाखाली शिरलो. एका वेळी दोन्ही क्षेत्रांचा अनुभव किती जणांना मिळतो?

संध्याकाळी बायकोसोबत भाजी निवडायला बसलो. तिला म्हटलं, मालकांकडे बढती मागावी का, विचार चाललाय, नवा तक्ता करतो. जूनमध्ये रोज विचारायची, काय ठरलं. आज वाट पाहिली, तिने विचारलं नाही. वही ओढून घेतली, तेवीस मुद्द्यांचं पान फाडलं आणि त्यात भाजीची देठं गुंडाळली. पान मोठं होतं, सगळी मावली.