कोण किती पाण्यात

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी विचारले की तुम्ही फोटोग्राफीकडे कसे वळलात, तर तारीख हाताशी असावी.

वळलो ते असे. सासुरवाडीच्या हॉलला रंग दिला. जुने कपाट हलवले. सासूबाईंच्या खुर्चीसमोरची भिंत मोकळी झाली. गुडघ्यांमुळे त्यांचे बाहेर जाणे बंदच आहे. माहेर नदीकाठचे. त्या म्हणाल्या, बसल्या जागी पाणी दिसले तर बरे वाटेल. सासरे म्हणाले, मग पाण्याचा एक मोठा फोटो लावू. हे ऐकून सगळ्यांच्या माना एकदम साडूंकडे वळल्या.

साडू दातांचे डॉक्टर. थोरले जावई. त्यांच्या दवाखान्यात तपासायच्या खुर्चीसमोर त्यांनीच काढलेला धबधबा आहे. पेशंट तो बघत आ वासतात आणि ह्यांचे काम सोपे होते.

मी म्हणालो, मीही काढतो पाण्याचे फोटो.

ही माझ्याकडे बघत राहिली. सासरे न्यायी माणूस. म्हणाले, दोघेही आणा, एप्रिलअखेर. ज्याचा फोटो सासूबाईंना आवडेल तो भिंतीवर.

आता कळेल कोण किती पाण्यात आहे.

३ फेब्रुवारी
पाणी हा माझा विषय आहे. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर मी इतकी वर्षे बसतो. पाणी येत नाही, कमी येते, गढूळ येते, नको तेव्हा येते. पाण्याचा स्वभाव मला कळणार नाही तर काय दातवाल्यांना कळणार?

साडूंचा धबधबा मोबाइलवर मोठा करून पाहिला. पाणी दुधासारखे दिसते. कसले कौतुक? असले पाणी कोणी खिडकीवर आणले असते तर आम्ही तपासणीला पाठवले असते.

हिला दाखवले. ही म्हणाली, तुम्ही त्यांना पाण्यात पाहता. साफ खोटे. मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. त्यांच्या फोटोला काल अंगठा दिला होता, तो काढून घेतला, एवढेच.

९ फेब्रुवारी
बिल विभागातल्या मित्राचा कॅमेरा आणला. ट्रायपॉड पण. मित्र म्हणाला, पुस्तिका वाच. मी म्हणालो, कला पुस्तकातून येत नाही.

१३ फेब्रुवारी
पुस्तिका वाचली.

दुधाचे रहस्य कळले. शटर बराच वेळ उघडे ठेवायचे. पाणी वाहत राहते, कॅमेरा हलत नाही, पाण्याची साय होते. म्हणजे साडूंची कला म्हणजे बटण दाबून गप्प उभे राहणे.

स्वयंपाकघरातल्या नळावर सराव. नळ चालू, मी गप्प उभा. फोटो पूर्ण पांढरा आला. पुन्हा. पुन्हा पांढरा. एवढ्यात ही आली आणि नळ बंद केला. म्हणाली, उद्या तुमच्याच खिडकीवर येऊन तुमची तक्रार करते.

निश्चय: रोज पहाटे उठून प्रकाशाचा अभ्यास.

१४ फेब्रुवारी
सकाळी आठला उठलो. प्रकाश होता.

२३ फेब्रुवारी, रविवार
धबधबा. साडूंचाच. मुद्दाम तोच निवडला, म्हणजे तुलना करताना सासूबाईंना सोपे जाईल.

तुषार थेट लेन्सवर. पुसले. पुन्हा तुषार. रुमाल भिजला, शर्टाने पुसले, शर्ट भिजला. घरी येऊन पाहिले तर सगळे फोटो धुक्यातले. मी हिला सांगितले, याला वातावरण म्हणतात. ही म्हणाली, याला बाथरूमची काच म्हणतात.

कलेच्या वाटेवर जोडीदाराची साथ लागते, असे ऐकून होतो.

२७ फेब्रुवारी
साडूंचा फोन. स्वतःहून. म्हणे, धबधब्यावर जाऊन आलात असे कळले. (कोणाकडून? बहिणी-बहिणी एकमेकींपाशी काहीही लपवत नाहीत.) म्हणे, एक गोल फिल्टर असतो, लेन्सवर बसवून फिरवला की पाण्यावरचे प्रतिबिंब जाते आणि तळाचे दगड दिसतात. माझ्याकडे दोन आहेत, एक तुम्हाला पाठवतो.

यात काहीतरी काळेबेरे असणार. दात फुकट न तपासणारा माणूस फिल्टर फुकट देतो? उद्या माझा फोटो भिंतीवर लागला की सगळ्यांना सांगत फिरायचे, फिल्टर माझा होता.

संध्याकाळी हिची ताई तो फिल्टर देऊन गेली. मोज्यांच्या खणात टाकला.

१६ मार्च, रविवार
समुद्र. धबधब्याचा नाद सोडला. धबधबे आता फार झाले, कोणीही उठतो आणि काढतो.

वाळूत ट्रायपॉडचा एक पाय हळूहळू खचत होता हे मला दिसले नाही, कारण मी लाटेची वाट बघत होतो. लाट आली. गुडघ्यापर्यंत आली. कॅमेरा वाचला, बूट गेले. पण एक फोटो असा आलाय की काय सांगू.

संध्याकाळी सासुरवाडीला दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, समुद्र उजवीकडून सांडतोय की हो. सासऱ्यांनी खालून हात धरला. हिला हसू आवरेना. साडू मात्र हसले नाहीत. हा त्यांचा कावा. हसले असते तर माणूस कसा आहे ते सगळ्यांना कळले असते. उलट शांतपणे म्हणाले, कॉम्प्युटरवर सरळ करता येतो, त्यात काही नाही.

सरळ केला. समुद्र सरळ झाला आणि त्यातली एकुलती एक होडी बाहेर गेली.

२४ मार्च
मत्सर हा वाईट गुण आहे. माझ्यात तो नाही, पण असलाच तर सोडायचे ठरवले. सकाळी सोडला.

दुपारी ताईचा फोन. साडूंचा कुठलासा तळ्याचा फोटो दंतवैद्यांच्या संमेलनात लावलाय. खिडकीवर एक बाई बाटलीतले गढूळ पाणी घेऊन उभ्या होत्या. मी ती बाटली उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघत राहिलो. त्या म्हणाल्या, काय दिसतंय? मी म्हणालो, तुमच्या साहेबांना साडू आहेत का?

वरिष्ठांनी आत बोलावून तब्येतीची चौकशी केली.

१३ एप्रिल, रविवार
नदी! सासूबाई लहानपणी जिथे पोहायला शिकल्या तो डोह. ही कल्पना माझी. दुर्दैवाने साडूंचीही. त्यामुळे दोन्ही कुटुंबे एकाच गाडीतून. गाडी साडूंची. सासूबाई घरीच. निघताना म्हणाल्या, डोहाला सांगा मी विचारलंय.

साडू पलीकडच्या काठावर गेले. लालभडक जॅकेट, डोक्यावर टोपी. निसर्गात इतका लाल रंग घालून जाणारा माणूस निसर्गाकडे बघायला येतो की निसर्गाने आपल्याकडे बघावे म्हणून? ट्रायपॉड लावून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शटर उघडे असणार, कारण पुतळ्यासारखे निश्चल.

मी अलीकडे. डोह अरुंद, पाणी संथ. फ्रेम लावली की वरच्या कडेला साडू. कॅमेरा खाली केला. अजून बूट दिसत होते. अजून खाली केला. पलीकडचा काठ पूर्ण कापला. आता फक्त पाणी, आणि पुढे माझ्या बाजूचे दगड. त्यांच्या बुटाची नाडीसुद्धा येऊ दिली नाही. सासूबाईंच्या डोहात ह्यांचे काय काम?

पलीकडून ओरडले, फिल्टर लावा, मग फोटो काढा. खिशात हात घातला तर फिल्टर खिशातच. हिनेच घातला असणार. लावला. फिरवला. खरे सांगायचे तर पाण्यावरचे सगळे पुसल्यासारखे झाले आणि तळाचे दगड हिरवेगार दिसू लागले. क्षणभर बघतच राहिलो. मग लक्षात आले, या दगडांचे श्रेय कोणाला जाणार. फिल्टर काढला, खिशात घातला आणि शटर दाबले. उन्हात कॅमेऱ्याचा स्क्रीन काही दिसत नव्हता. गरजही नव्हती. काही फोटो छातीत कळतात.

परत येताना साडू गाडीत सारखे माझ्याकडे बघून हसत होते. हसा.

१५ एप्रिल
कॉम्प्युटरवर उघडला.

पाणी आरशासारखे. आणि पाण्याच्या मधोमध लाल रंगाचा एक लांबट, मऊ डाग. पलीकडच्या काठावर एखादे लाल फुलांचे झाड असणार. मला ते तेव्हा दिसलेही नव्हते, पण माझ्या कॅमेऱ्याने टिपले. याला नजर म्हणतात. लाल डागाच्या खाली एक बारीक पांढरा ठिपका आहे. बहुधा बगळा. निसर्ग द्यायला लागला की हातचे राखत नाही.

लाल थोडा वाढवला. मग अजून थोडा. खाली उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत सही टाकली, वळणदार.

हिला दाखवला. ही बराच वेळ बघत राहिली, मग मान वाकडी केली, मग तोंडावर पदर धरून आत गेली. भारावली असावी.

२१ एप्रिल
प्रिंट. भिंतीच्या मापाचा, फ्रेमसकट. छापणाऱ्याने विचारले, साहेब, फ्रेमला हुक कुठल्या बाजूला लावू? हे असंच आहे ना, की उलटं? मी हसलो. म्हणालो, अरे बाबा, सही वाचता येते ना? त्याने खांदे उडवले आणि दोन्हीकडे हुक लावले. सामान्य माणसाला समजेल ती कला कसली!

२७ एप्रिल, रविवार
निकाल.

आधी साडूंचा. तोच डोह, तळाचे हिरवे दगड, त्यावरून सरकणारे ऊन. सासूबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, याच दगडावर पाय ठेवून मी पहिली उडी मारली होती. फोटो खरेच सुंदर होता. हे रोजनिशीतच लिहितोय, बाहेर कोणाला सांगणार नाही.

मग माझा. फ्रेमवरचा कागद काढला. सासूबाई म्हणाल्या, जवळ आणा. चष्मा लावला. मान एका बाजूला कलती केली. अजून कलती केली, इतकी की सासऱ्यांनी त्यांच्या मानेमागे हात धरला. मग त्या म्हणाल्या, "जरा उलटा करा बघू."

सासऱ्यांनी फ्रेम उलटी धरली.

"अगं बाई, हे तर आपले थोरले जावई!"

बुटांपासून टोपीपर्यंत. लाल जॅकेट, कमरेवर हात. बगळा म्हणजे साडूंचे दात. घड्याळ तेवढे उजव्या हातात गेले होते, बाकी हुबेहूब. माझे पुढचे दगड त्यांच्या डोक्यावर ढगांसारखे लटकत होते. काठावरच्या माणसाला मी नाडीसकट कापला, आणि पाण्यातला माणूस अख्खा घरी आणला, वर त्याचा लाल वाढवला.

ताईचे डोळे पाणावले. म्हणाली, हे कायम कॅमेऱ्याच्या मागे, इतक्या वर्षांत यांचा एक धड फोटो कोणी काढला नाही. साडूंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"साडूभाऊ, मी पलीकडून बघत होतो. तुम्ही फिल्टर लावलात आणि मग काढून ठेवलात. मला वाटलं, चुकलं असेल. तुम्ही माझं प्रतिबिंब यावं म्हणून काढलात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, हो, म्हणजे, तेच.

साडूंनी स्वतःचा फोटो स्वतःच गुंडाळून ठेवला. म्हणाले, यापुढे माझा कसला लावता. सासूबाईंनाही तेच वाटले, डोह तर यातही आहे आणि शिवाय घरचा माणूस आहे. सासऱ्यांनी निकाल दिला. मी जिंकलो. फोटो लगेच लावला. हुक दोन्हीकडे असल्याने अडचण आली नाही.

घरी आल्यावर कुलूप उघडताना ही म्हणाली, "बरं झालं. मी सांगत होते तेव्हा पटत नव्हतं. आता तुम्ही त्यांना कसं पाण्यात पाहता ते मोठं करून भिंतीवर लावलंय."

४ मे, रविवार
सासुरवाडी. फोटो जागेवर आहे. सासूबाई सकाळी चहा घेताना त्याच्याशी बोलतात, असे सासरे म्हणाले. काय बोलतात विचारले. डोहाची चौकशी करतात आणि थोरल्या जावयांना जेवलात का विचारतात.

माझी सही आता वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे, डोके खाली, पाय वर. मान मोडेपर्यंत वाकवल्याशिवाय वाचता येत नाही. मी वाचली.

शेजारचे गृहस्थ आले होते. फोटो बघून थबकले. म्हणाले, वा, फोटो कोणाचा?

मी खुर्चीत सावरून बसलो. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, थोरल्या जावयांचा.

ते जवळ जाऊन बघत राहिले. म्हणाले, दिसतातही छान आणि काढतातही छान.