थुंकीचा सांधा

३ डिसेंबर
खोली झकास मिळाली. खिडकीतून ऊन थेट पलंगावर येतं आणि शिंपीकाकांचं दुकान, म्हणजे माझी नवी नोकरी, चार पावलांवर. मालकीणबाई एकट्याच असतात, बोलघेवड्या आहेत आणि मोरी आरशासारखी लख्ख ठेवतात. मला आणखी काय हवं? ताई म्हणते, हिला दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी चालत नाही, हिला नवरा कसा चालणार. म्हणू दे. सतरा तारखेला ती येतेय, आजारपणानंतर पहिल्यांदाच. तिच्या घशाला वारा सोसत नाही, म्हणून गुपचूप मफलर विणायचं ठरवलंय.

५ डिसेंबर
लोकरीचा प्रश्न बसल्या जागी सुटला. मालकीणबाई टकळीवर स्वतः सूत कातत बसतात. त्यांनी टोपलीभर सुताच्या गुंड्या माझ्यापुढे ठेवल्या. करडी-तपकिरी, मऊ, जराशी तेलकट. गुंड्या अगदीच लहान, म्हणजे सांधे फार. गाठी मारल्या तर ताईच्या मानेला टोचतील. म्हणून तिनेच शिकवलेली युक्ती: दोन्ही टोकं तोंडात ओली करायची आणि तळहातावर चोळून एकजीव करायची. सांधा शोधून सापडत नाही. आपलीच थुंकी, तिची कसली आलीय किळस.

९ डिसेंबर
निम्मा झाला. शिंपीकाका म्हणाले, हात चांगला आहे पोरी, पण ही कुठल्या मेंढीची लोकर? मी हुंगून बघितलं. महिनाभर न धुतलेल्या डोक्याचा वास. शी. दोनदा साबण लावला तर पाण्यावर पिवळट साय धरली, वास तसाच. तोंडालाही तीच चव आहे. जेवण नकोसं झालंय.

१२ डिसेंबर
उठले तर जिभेवर केस. लांब, करडा. माझे काळे आहेत, खांद्यापर्यंतच. ओढला तर येतच राहिला, आणि पोटात काहीतरी सरकलं. भडभडून ओकले. मफलर आता वीतभरच राहिलाय, ताईसाठी म्हणून तोंड दाबून विणतेय.

१३ डिसेंबर
दुपारी लवकर आले. मालकीणबाई मोरीत उकिडव्या बसून जाळीखालून केसांचा बुळबुळीत गुंता उपसत होत्या. पिळून टोपलीत टाकत होत्या. टोपलीत जुने पुंजके, करडे, तपकिरी, आणि वर ताजा काळा. माझा. मोरी इतकी लख्ख का, ते कळलं.

त्या जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, इथं राहून गेलेल्या पोरींचे आहेत, वाया कशाला घालवायचे? आणि म्हणाल्या, गाठ मारली असतीस तर सुटली असतीस गं, तू तर तोंडानं जोडलंस.

मफलर सुयांसकट कचऱ्यात फेकला. हात धुतले. पुन्हा धुतले.

१५ डिसेंबर
घशातून आता केस नाही, सूत येतंय. कातलेलं, करडं-तपकिरी, कोमट. कात्री लावली — मलाच दुखलं. गिळलं की परत वर येतं. किळस येते माझ्याच तोंडाची.

येऊ नकोस म्हणून ताईला फोन केला. शब्दच फुटेना, नुसती घरघर. ती घाबरली. म्हणाली, उद्याच येते.

१६ डिसेंबर
ताई आली. मी मोरीत, कडी लावून, ओकत होते — दार मालकीणबाईंनी उघडलं.

बाहेर आले तर मफलर ताईच्या मांडीवर. सुयांसकट. कचऱ्यातून काढून धुतलेला —

रडतेय आनंदानं. म्हणते, वेडे, माझ्यासाठी एवढं केलंस, आणि सांधा एक दिसत नाही. तुला बरं नाही तर पडून राहा, उरलेलं मीच विणते.

मालकीणबाईंनी तिला नवी गुंडी दिली. काळी.

बोलता येत नाही. तोंड गच्च भरलंय. हातातून मफलर ओढला तर हसते, पुरा झाल्याशिवाय देणार नाही म्हणते. म्हणून लिहितेय — हेच पान तिच्यापुढे धरणार —

खाली मान घालून टोकं सारखी करतेय. जुनं आणि नवं.

ताई, वर बघ. वाच. ती टोकं तोंडात घालू न —