नातेवाईकांशी बोलणे

प्रिय ठके,

त्या सकाळी मी चादरी धूत होते. चुलीवर दूध उतू जायच्या बेतात, आणि वाळत घालायची दोरी नेमकी मधोमध तुटली. तीन ओल्या चादरी मातीत! मी ओरडले, तर तू आणि बाबा दारात चपला घालून तयार. ते म्हणाले, "चष्म्याचा नंबर काढून येतो, येताना नवी दोरी आणतो." चष्मा काही आला नाही, दोरी आली. हिरवी. अजून आहे. हे का आठवलं ते पुढे सांगते. आधी बातमी, कारण ती पोटात राहत नाहीये.

तुझ्या सातवी शिकलेल्या आईने सांगितलेले नियम गुरुवारपासून इस्पितळाच्या कॉम्प्युटरवर लागू झाले! एक-दोन नाही, अठ्ठेचाळीस.

रेकॉर्डरूममध्ये मी जुन्या फाईली स्कॅन करून चढवते, हे तुला ठाऊक आहे. प्रत्येक रुग्णाचं एक पान, त्यावर रकाने: नाव, रक्तगट, औषधं, सिस्टरच्या नोंदी, आणि 'नातेवाईकांशी बोलणे', म्हणजे घरच्यांपैकी कुणाला काय सांगितलं ते. आजवर एकच पासवर्ड होता आणि सगळं सताड उघडं. मी फक्त कपाट शोधणारी, पण मलाही सगळ्यांची दुखणी दिसायची; चौकशीच्या खिडकीवरच्या माणसालाही. मग एका बाईचा आजार त्या खिडकीतून थेट तिच्या सासरी पोचला, तेव्हा मोठे डॉक्टर खडबडून जागे झाले.

हे बदलायला एक मुलगी आली. तुझ्याच वयाची, केसांत पेन्सिल खोचलेली. तिला सगळे सॉफ्टवेअरवाली म्हणतात. तिने खात्यांप्रमाणे वेगळे पासवर्ड, म्हणजे वेगळी दारं केली: डॉक्टरांना एक, सिस्टरांना एक, आम्हाला एक. मी चहा पिता पिता म्हटलं, "बाई गं, झाडांना पाणी घालायला शेजारणीला घराची किल्ली दिली, म्हणजे कपाटाचीही दिली का? आणि आपण परत आल्यावर ती किल्ली मागून घेतोच ना?" तिने पेन्सिल काढली आणि म्हणाली, "काकू, खुर्ची घ्या. मला तुमचं डोकं हवंय."

माझं डोकं! बाबा असते तर म्हणाले असते, जपून वापर, जुनं आहे. तीन आठवडे आम्ही एकेका रकान्यावर बसलो. कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, कोणत्या रुग्णाचं, किती दिवस. वाचनालयातून याच विषयावरचं जाड पुस्तक आणून शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. निम्मं डोक्यावरून गेलं, पण निम्मं आत शिरलं ना! माती खाल्ली ती एकदाच. मी सांगितलं होतं, सिस्टरला फक्त तिच्या वॉर्डातले रुग्ण दिसावेत. चाचणीच्या दिवशी अपघात विभागाच्या सिस्टरला रक्तगटच दिसेना, कारण तिथे आलेला माणूस अजून कोणत्याच वॉर्डात नसतो. ती कडाडली, "रेकॉर्डरूमवाल्या बाई, वॉर्ड मिळेपर्यंत त्याला रक्त थांबवून धरायला सांगू का?" रुग्ण लुटूपुटूचा होता म्हणून निभावलं. मी कान पकडले. आता रक्तगट आणि न चालणारी औषधं तिला कायम दिसतात, पण कुणी कधी काय पाहिलं त्याची नोंद राहते.

शेवटी उरला 'नातेवाईकांशी बोलणे' हा रकाना. मी म्हटलं, तो उपचार करणाऱ्या डॉक्टरला, बाकी कुणाला नाही. "रेकॉर्डरूमलाही नाही?" तिने विचारलं. नाही. आम्हाला सिस्टरच्या नोंदीही नकोत. कागद कुठे आहे ते आम्हाला कळावं, कागदात काय आहे ते कशाला?

बोलून गेले आणि कपाळाला हात लावला. कारण सात महिन्यांपूर्वी चढवायच्या गठ्ठ्यात बाबांची फाईल आली होती. तेव्हापासून रोज सकाळी, खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधी, मी ती उघडत होते. सिस्टरच्या नोंदीतल्या एका ओळीसाठी: "रुग्णाने आणखी एक उशी मागितली. बाकावर झोपणाऱ्या पत्नीसाठी." मला वाटायचं, ती उशी सिस्टरने आपणहून दिली. माझा दिवस त्या ओळीवर उजाडायचा, आणि माझाच नियम ती मिटवणार होता. कुणी काय पाहिलं त्याच्या नव्या नोंदींत सॉफ्टवेअरवालीला माझ्या नावापुढे रोज त्याच फाईलीचा नंबर दिसला, फाईलीवरचं आडनावही दिसलं. बुधवारी निघताना ती हळूच म्हणाली, "काकू, या एका फाईलीपुरती तुमची वाट मी उघडी ठेवते. कुणाला कळणार नाही." मी म्हटलं, उद्या सांगते.

घरी येऊन त्या हिरव्या दोरीवरचे कपडे काढले आणि तुला हे पत्र लिहायचं ठरवलं. ठके, त्या फाईलीच्या पहिल्याच पानावर 'नातेवाईकांशी बोलणे' या रकान्यात लिहिलंय: "मुलीला सर्व सांगितले. पत्नीला इतक्यात सांगू नये, अशी रुग्णाची इच्छा." खाली तारीख आहे, चादरी मातीत पडल्या त्या दिवसाची. तू एकोणीस वर्षांची होतीस. पुढे आठ महिने माझ्यासमोर बसून जेवलीस, हसलीस. ते गेल्यावर मी तुला विचारलं, तुला काही माहीत होतं का, तर तू नाही म्हणालीस. आणि तेव्हापासून तू फोनवर फक्त हवापाण्याचं बोलतेस. मी रागावले होते, खोटं कशाला सांगू. पण ते अठ्ठेचाळीस नियम करताना मला उमगलं, की ते त्यांचं पान होतं. कुणाला कुठवर दाखवायचं हे त्यांनी ठरवायचं, आणि तू त्यांचा शब्द पाळलास. मला न दिलेलं वाचलं ते मीच. आता ते ओझं खाली ठेव आणि घरी ये, पोरी. गुरुवारी सकाळी मी सॉफ्टवेअरवालीला सांगितलं की माझ्यासाठी वेगळी वाट नको, पिशवी खुंटीला अडकवली आणि पुढच्या फाईलीचा नंबर टाकला.

तुझीच, अजून त्याच दोरीवर चादरी घालणारी,
आई