तीन मोठ्या चोऱ्या आणि एक किरकोळ

आदरणीय युनिसताई,

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि भावजी अजूनही डॉक्टरांचं ऐकत नसतील, असं धरून चालते. इथे फ्लोरिडात सगळं ठीक आहे. संत्र्यांना बहर आलाय, माझा रक्तदाब ताब्यात आहे. तुमच्या धाकट्या भावाला, म्हणजे डेल्बर्टला, पोलिसांनी धरलं होतं, पण आता सोडलंय. तेव्हा पुढचं पत्र बसून वाचा.

त्याचं शेत माझ्या कुंपणाला लागून आहे हे तुम्हाला माहीतच आहे. यंदा त्याने कलिंगडं लावली. फुलं आली तशी, फळ धरावं म्हणून माझ्याकडे मधमाश्यांच्या पेट्या मागायला आला. मी नाही म्हटलं. (मागच्या खेपेला पेट्या शेतात असतानाच या गृहस्थाने औषध फवारलं आणि माझ्या निम्म्या माश्या मारल्या, वर मलाच विचारलं की त्यांची तब्येत नाजूक होती का.) तो फुरंगटून गेला. मग रविवारी मी चर्चमध्ये असताना गाडी लावून त्याने माझ्या तीन पेट्या उचलल्या. पेटी हलवायची ती रात्री, माश्या आत आल्यावर, दार नीट बंद करून. यानं भर दुपारी हलवल्या आणि दारांत स्वतःचे पायमोजे कोंबले! कच्च्या रस्त्यावर दोन धक्क्यांत मोजे निघाले आणि माश्या मागच्या खिडकीतून त्याच्या मानेवर आल्या. एका हाताने माश्या हाकत, दुसऱ्याने गाडी हाकत त्याने चौकातली ‘थांबा’ची लाल पाटी पाडली. ती गाडीखाली अडकली आणि मिसेस बॉग्ज यांच्या पेट्रोलपंपापर्यंत खरडत गेली. तिथे दुकानात शिरून त्याने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उपसलं आणि गाडीवर, माश्यांवर, स्वतःवर आणि कॉफी पीत उभ्या असलेल्या पोलीस बाई क्विन्टेरो यांच्यावर ते रिकामं केलं.

मला कचेरीत बोलावलं तेव्हा डेल्बर्ट बाकावर बसला होता, तोंड भाकरीसारखं फुगलेलं, भुवया पांढऱ्या. क्विन्टेरोबाई (त्याही पांढऱ्याच) शांतपणे समजावत होत्या. एरवी चोरी लहान की मोठी हे मालाच्या किमतीवर ठरतं, पण आपल्या राज्याने काही वस्तूंची नावंच कायद्यात घातली आहेत. त्या उचलल्या की किंमत कोणी विचारत नाही, थेट मोठी चोरी, पाच वर्षांपर्यंत कैद. मधमाश्या पाळायची नोंदणी असलेल्या माणसाच्या पेट्या हे एक. थांबा पाटी हे दुसरं. इमारतीत लावलेलं आग विझवायचं नळकांडं हे तिसरं.

“अजून काय आहे त्यात?” मी विचारलं.

“दोन हजार संत्री,” बाई म्हणाल्या. “तेवढी राहिली यांची.”

डेल्बर्ट बोटांवर पाच नि पाच नि पाच करत होता. “वहिनी, मी नुसत्या माश्या न्यायला आलो होतो गं!”

मला हसू येणार होतं, ताई, खरंच. पण तेवढ्यात बाईंनी गाडीतल्या वस्तू टेबलावर मांडल्या आणि त्यांत एक रिकामी बरणी निघाली. माझा एमस गेला त्या वर्षी त्याने काढलेला संत्र्याच्या बहराचा मध. शेवटची बरणी. मी ती उघडतसुद्धा नव्हते. बाईंना म्हटलं, सगळ्यांत आधी हे लिहा.

“एक बरणी मध? ती किरकोळ चोरी. फार तर साठ दिवस.”

“उलटं आहे हो तुमचं सगळं!”

“कायदा मी नाही केला, बाई.”

डेल्बर्ट बरणीकडे बघत होता. “पेट्यांच्या खोलीत फळीवर होती. चव घेतली तेव्हा कळलं, दादाच्या हातचा आहे.”

“मग थांबला का नाहीस?”

“थांबवेना.”

मी उठून त्याच्यासाठी बर्फ मागून आणला.

पाटी गाडीखाली आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून ती सुटली. नळकांड्याबद्दल मिसेस बॉग्ज म्हणाल्या की त्याने ते तिथल्या तिथे आपल्या हातात परत दिलं, शिवाय असली करमणूक दुकानात कधी झाली नव्हती. राहिल्या माश्या. सरकारी वकिलाला मी स्पष्ट सांगितलं, त्याने चोरल्या हे खरं, पण त्याला आत टाकून माझ्या माश्या परत येणार नाहीत. तुरुंग टळला. रस्त्याकडेचा कचरा उचलायचा आणि सहा महिने माझ्या घराच्या नि पेट्यांच्या आसपास फिरकायचं नाही, एवढ्यावर भागलं.

भावजींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुमची,
लव्होनिया

ता. क. आसपास म्हणजे त्याचं स्वतःचं घरही आलं. त्याला राहायला दुसरीकडे कुठे नाही. न्यायाधीशांनी जॉर्जियात बहिणीकडे राहायची परवानगी दिली आहे. कचरा तो तिथला उचलेल. तुम्हाला विचारून मग पाठवणार होते, पण बस आज सकाळचीच होती. हे पत्र पोचेपर्यंत त्याने तुमचा फ्रीज उघडलेला असेल.

आणखी एक. कलिंगडाची फुलं फुकट जायला नकोत म्हणून उरलेल्या सगळ्या पेट्या काल रात्री मीच त्याच्या शेतात नेऊन ठेवल्या. त्याला सांगू नका.