लाहतीतला अर्धा गुण

२ एप्रिल, सकाळी ७
ठरलं. महिला बुद्धिबळ संघातली पाचवी जागा यंदा माझीच. बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर घोड्याची चाल शिकवली त्याला वीस वर्षं झाली, आता निर्दय व्हायचं. रोज दोन तास ओपनिंग्जच्या, सुरुवातीच्या चाली घोटायच्या. साखर बंद.

२ एप्रिल, दुपारी
ओपनिंग्ज उद्यापासून. दालचिनीचा बन खाल्ला. साखर फक्त वरून होती.

५ एप्रिल, लाहती, फिनलंड
निवड स्पर्धेतला पहिला डाव हरले. खुर्ची गार होती.

६ एप्रिल
आजचे दोन्ही डाव जिंकले. एक प्रतिस्पर्धी तापाने फणफणलेली होती. पण आजाऱ्याला हरवायलाही काळीज घट्ट लागतं.

७ एप्रिल
बाबांचा फोन. जेवलीस का, म्हणाले. हो म्हटलं. म्हणाले, बरं, खेळ मग. आमच्या घरात याला भाषण म्हणतात.

८ एप्रिल, सकाळी
शेवटचा डाव हिल्का रेपोबाईंशी. साठीच्या, निवृत्त दंतवैद्य. कप्तान ओइवा म्हणाले, पोरी ऐला, पाचव्या जागेला अर्धा गुण पुरे. बरोबरी माग आणि सौनाच्या वाफेत जाऊन बस. मला पटलं नाही. बरोबरी मागायची म्हणजे अनोळखी बाईंशी बोलायचं. त्यापेक्षा जिंकणं सोपं.

८ एप्रिल, संध्याकाळी
डाव अगदी समसमान होता. चाल माझी. माझा घोडा जरा तिरका उभा होता. सरळ करण्याआधी ‘नीट करते’ असं मोठ्याने म्हणावं लागतं, नाहीतर हात लागलेली सोंगटी खेळावीच लागते. हॉल इतका शांत की तोंड उघडवेना. गुपचूप सरळ केला.

बाई गप्प. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं आणि सभ्यपणे गिळत होत्या. नऊ मिनिटं सोसलं, मग मीच पंचांना बोलावलं. ते म्हणाले, बाईंची काही तक्रार नाही. मी म्हटलं, माझी आहे. घोडा हलवला. त्यामागे उभा वजीर उघडा पडला, आणि गेला, पाठोपाठ डावही. तरी नियम पाळला, हे नोंदवते.

नंतर सौनात बाई शेजारीच बसल्या. म्हणाल्या, अगं, मी चष्मा पुसत होते, घोडा पाहिलाच नाही. बरोबरी मागणार होते, पण तुझा चेहरा बघून धीर झाला नाही बाई.

पाचवी जागा त्यांना मिळाली. मी अभिनंदन केलं. मनातल्या मनात.