अकरा फोन हजर

६ मार्च, रविवार, सकाळ ७.१०
आजपासून हायब्रिड वर्ग. नववीचं गणित. सहा पोरं माझ्यासमोर बाकांवर, अकरा जण पाणथळीतल्या आपापल्या घरी, फोनवर. होडीची खेप वाचली. शिक्षणाचं भविष्य हेच. मुख्याध्यापिका सित्त (म्हणजे बाई) विदाद म्हणाल्या, मुहन्नद, भविष्य नंतर बघू. महिनाअखेर सगळ्यांना इथं बोलावून कागदावर परीक्षा घेते. सतरातले दहा पास झाले नाहीत तर वर्गही बंद आणि तुझी नोकरीही.
दहा! किरकोळ.

८ मार्च
घरच्या अकरांचे कॅमेरे बंद. मुलींचे चेहरे स्क्रीनवर नकोत ही इथली रीत, मला मान्य. मुलांचेही बंद का, विचारायचं राहिलं. पण शांतता काय! बाकांवरचे एकमेकांना खडू मारतात, फोनवरचे हूं का चूं करत नाहीत. एकाग्रता. मध्ये एक म्हैस ओरडली. आवाज स्वच्छ येतोय म्हणजे नेट उत्तम.

१४ मार्च
रुकय्या. घरून शिकते. बोलत नाही, उत्तर टाइप करते. मी मांडणी करायच्या आत तिचं उत्तर हजर. आज फळ्यावर माझे दोन तृतीयांश अर्ध्याहून कमी निघाले. तिनं लिहिलं, उस्ताद, एवढ्या सायीनं वाटी अर्धीसुद्धा भरणार नाही. म्हटलं, शाब्बास, मी मुद्दाम चुकलो. बाकावरून एक ओरडला, मग काल किती वेळा मुद्दाम? दुर्लक्ष केलं.
सायीचं उदाहरण! घरी शिकल्याचा हा फायदा.

१६ मार्च
वर्ग लवकर सोडला. धक्क्यावर नव्या होडीला डांबर लावत होते, ते बघत संध्याकाळ झाली. होडी बांधायला शिकावं का? की बसऱ्याला जाऊन जहाजावर चढावं? अंताल्याला हॉटेलच्या काउंटरवर नोकरीला होतो तेव्हाही पाय असेच निघायला बघायचे.
नाही. संकल्प: परीक्षेपर्यंत कुठे जायचं नाही. रोज वीस अपूर्णांक स्वतः सोडवायचे.

१७ मार्च
अपूर्णांक राहिले. गुरुवार होता, उद्यापासून सुट्टी.

२२ मार्च
सित्त विदाद मागच्या बाकावर बसून गेल्या. विचारलं, फोनवर पोरं आहेत तरी का? म्हटलं, अकराच्या अकरा हजर, शंभर टक्के. म्हणाल्या, फोन हजर आहेत.
बाई जुन्या वळणाच्या.

२९ मार्च, परीक्षा
सगळे होडीनं आले. घरच्यांपैकी एकानं मलाच विचारलं, गणिताचे उस्ताद कुठे भेटतील? माझा कॅमेरा बदलायला हवा.
रुकय्या तीन तास पेन चावत बसली. हुशार मुलांना दडपण येतंच.

३१ मार्च
बाकांवरचे सहातले पाच पास. घरचे: शून्य. रुकय्याला शंभरात चार.
तिची आई उम्म हैदर तिला न्यायला आलेली. पहाटे बाजारात म्हशीची साय विकते ती. पेपर बघून पोरीवर खेकसली, अगं वेडे, ही सगळी तर सोप्पी! मग अबाया सावरत मला म्हणाली, उस्ताद, रागावू नका. ही म्हशींमागे जाते, फोन घरात रिकामा. साय विकून आले की मीच बसायचे. माझी शाळा सहावीत सुटली.
सित्त विदादनी तिथल्या तिथे कोरा पेपर तिच्यापुढे ठेवला. एक्याऐंशी.
मला म्हणाल्या, बघ, अकरांतून एक शिकली. वय बेचाळीस. वर्ग बंद.
तिला धरून सहा पास होतात. हे कुणी बघत नाही.

३ एप्रिल, पहिला रोजा
बॅग भरली. बसऱ्याची गाडी अकराला. वाटेत उम्म हैदर उभी. वाटलं, वर्ग चालू ठेवा म्हणेल. मोठ्या मनाचं उत्तर तयार केलं. ती म्हणाली, बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म असतो म्हणे. तुम्ही चार गावं फिरलेले, तेवढं ऑफिस दाखवा. शिकवायचं सित्त विदाद बघणार आहेत.
गाडी गेली. ऑफिसात रांगेत दीड तास, घशाला कोरड. फॉर्म तिनं स्वतः भरला. शेवटचा रकाना: तयारी कुठे व कोणाकडे केली? मी शर्टाची कॉलर नीट केली.
तिनं लिहिलं: घरी, स्वतः.
घरी. म्हणजे अर्धं माझंच.